पाऱ्याचा कणसुद्धा नको

माझ्याच दवाखान्याच्या खुर्चीत आडवे होऊन सासरे मला दातांचं शास्त्र शिकवत होते. "चांदी भरू नकोस. त्यात पारा असतो. माझ्या तोंडात पाऱ्याचा कणसुद्धा जाता कामा नये."

ही अक्कल त्यांना मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर मिळाली होती. चांदी भरणं मी केव्हाच बंद केलंय, हे मी दोनदा सांगितलं. पण सुनेचं ऐकायची आमच्या घराला सवय नाही. पांढऱ्या सिमेंटच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं त्यांनी चष्मा लावून वाचली, मगच तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवघरात नवं शिवलिंग मांडलं. मित्राने यात्रेतून आणून दिलेलं. "शंभर टक्के शुद्ध पारा आहे," ते अभिमानाने म्हणाले. मग त्यावर दुधाचा अभिषेक केला आणि ताम्हनात साठलेलं दूध पळीने माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या तळहातावर घातलं. "घे, तीर्थ. बुद्धी वाढते."

मी तिचा हात धरून पालथा केला. दूध फरशीवर सांडलं.

"तीर्थ सांडलंस?"

"आप्पा, तिच्या तोंडात पाऱ्याचा कणसुद्धा जाता कामा नये."

मी डिग्री विकत घेतली असावी, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उरलेलं दूध पळीपळीने स्वतःच संपवलं आणि नव्याने भरलेल्या पांढऱ्या दातावरून समाधानाने जीभ फिरवली.