पडद्यावरचा लाल डाग

चालू मोटारीच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र पडद्यावर रंगीत दाखवणारं यंत्र ओमानमधल्या सोहारच्या त्या कारखान्यात आलं, आणि ते हाताळणाऱ्या स्वरूप इंजिनिअरची मान ताठ झाली. पण पहिल्याच आठवड्यात प्रत्येक चित्राच्या कडेला एक लाल डाग दिसू लागला. स्वरूपने दोन धडधाकट मोटारी नापास केल्या, मग सगळ्यांचे खिसे तपासले. शेवटी टेक्निशियन हुसैनमियाँच्या हातातलं, ब्लडप्रेशरसाठी घातलेलं चुंबकाचं कडं त्याने उतरवायला लावलं.

"आयुष्य मशिनींत गेलं तुमचं, आणि असल्या थोतांडावर विश्वास ठेवता?"

कडं गेलं, डाग राहिला. यंत्रच सदोष आहे, असा मेल स्वरूप कंपनीला धाडणार, तेवढ्यात हुसैनमियाँ म्हणाले, "सर, तुम्ही चहाला गेलात की डाग जातो. आलात की येतो. बरोबर तुमच्या कमरेच्या उंचीवर."

स्वरूपचा हात शर्टाखाली गेला. शेजारच्या सहम गावातल्या दुकानातून गुपचूप आणलेला कंबरदुखीचा चुंबकाचा पट्टा त्याने सोडला, लांब नेऊन ठेवला. पडदा स्वच्छ झाला.


हुसैनमियाँनी जवळ येऊन अगदी मनापासून विचारलं, "गुण येतो का हो सर, त्याचा?"