पहिले तीन महिने

दिवस राहिल्याचं कळलं तशी सून पर्स उचलून दवाखान्यात निघाली. सासूने दारातच अडवलं. "तिथे अर्धी गल्ली बसलेली असते. तीन महिने चकार शब्द काढायचा नाही, नजर लागते."

"अहो आई, मला शुगर आहे. गोळ्या लागतील."

"आम्हाला नाही लागल्या त्या! चार पोरं झाली, चारही धडधाकट."

चौथ्या महिन्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाचा कणा उघडा राहिलाय. शुगर आटोक्यात आणि फोलिकच्या गोळ्या, हे दिवस राहायच्या आधीपासून हवं होतं. निदान कळल्याबरोबर तरी यायचं!"

बाहेर बाकावर सून रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होती. सासू इकडेतिकडे बघत तिच्या कानाशी लागली.

"लागलीच बघ मेल्यांची नजर! पुढच्या खेपेला पाच महिने कुणाला कळू द्यायचं नाही."