हेल्मेटातला नंबर

नवी पाटी आदल्या दिवशीच लागली होती. जयेंद्रगंजातलं उमाजी जाधवांचं हेल्मेट-जॅकेटांचं दुकान आणि शिंदे की छावनीतलं त्यांचं हाडवैरी दुकान, दोन्ही दिल्लीच्या एका कंपनीत विलीन होऊन एकाच नावाची झाली होती. वीस वर्षं एकमेकांकडे ढुंकूनही न बघणारे दोन्हीकडचे बाइकवाले रविवारी सकाळी एकाच रांगेत मुकाट उभे होते.

"एका तऱ्हेने चांगलंच झालं ना," हेमेंद्र म्हणाला. "जुनं हेल्मेट द्या, नव्यावर सूट घ्या. शिवपुरीला निघायच्या आधी सगळ्यांनी बदलून टाकू."

"और क्या!" अभिरामने आपलं हेल्मेट दाराशी ठेवलेल्या खोक्यात टाकूनही दिलं. "काकांना पण आराम. आता नुसतं बसायचं, टेन्शन कंपनी का."

निवेदिता त्यांच्या मागे रांगेत उभी होती. काल बातमी कळल्यापासून ती आपल्याला वाईट वाटायची वाट बघत होती. पण दात काढण्याआधी इंजेक्शन द्यावं तसं आत सगळं बधिर होतं.

काउंटरमागे उमाजी उभे होते. अंगात कंपनीचा नारिंगी टीशर्ट, छातीवर नावाची पट्टी. वर्षभर ते मॅनेजर म्हणून राहणार होते. माणूस आपल्याच दुकानात नोकर होऊन उभा होता आणि रांगेतल्या एकालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष सूट किती मिळते याच्याकडे.

तिने हातातलं हेल्मेट उलटं केलं. आत पांढरी कापडी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर उमाजींच्या ठसठशीत अक्षरात 'बी पॉझिटिव्ह' आणि खाली दहा आकडे. विकलेल्या प्रत्येक हेल्मेटात ते अशी पट्टी स्वतः लिहून लावायचे. गाडीवरून पडलात तर रक्त कुठलं द्यायचं आणि फोन कुणाला करायचा. अभिरामच्या पट्टीवर आईचा नंबर होता, हेमेंद्रच्या पट्टीवर बायकोचा. त्यांना कसला फरक पडणार! निवेदिताला पहिल्या वेळी सांगायला कुणाचं नावच सुचलं नव्हतं. उमाजींनी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. "इथलाच लिहितो," म्हणाले होते, "उचलायला मी आहे." दुकानाचा मोबाईल त्यांच्या शर्टाच्या खिशातून कधी हलत नसे.

आताचं हे तिचं तिसरं हेल्मेट. शिवपुरीच्या रस्त्यावर मोहना गावाच्या पुढे ती घसरली तेव्हा एका ट्रकवाल्याने पट्टी वाचून तोच नंबर लावला होता, आणि इस्पितळाच्या कागदावर 'काका' म्हणून उमाजींनी सही केली होती.

तिने आपल्या फोनवरून तो नंबर लावला. उमाजींच्या खिशात काहीच वाजलं नाही. कानात एक गोड आवाजाची बाई बोलू लागली. "आपका स्वागत है. हेल्मेट के लिए एक दबाएँ. जैकेट के लिए दो." निवेदिताने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाईने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"काका, हा नंबर?"

उमाजींनी तिच्या हातातल्या हेल्मेटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तो पण देऊन टाकला, बेटा. दुकानाचा म्हणून त्यांनी मागितला, मी दिला. हे लक्षातच नाही आलं."

"किती जणांच्या पट्टीवर आहे?"

"बरेच आहेत," ते म्हणाले. "तुला वाटतं त्याच्यापेक्षा जास्त."

कंपनीने मालावर काही लिहायची मनाई केली होती. उमाजींनी खालच्या खणातून कापडी टेप आणि मार्कर काढला. तिच्या हेल्मेटातली जुनी पट्टी नखाने सोलली, नवी लिहायला घेतली. आकड्यांपाशी हात थांबला तेव्हा त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "नवीन सिम आहे. पाठ नाही अजून." एकेक आकडा बघून त्यांनी लिहिला आणि पट्टी अंगठ्याने दाबून बसवली.

निवेदिताला बरं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही. नुसतं हाताला काहीतरी काम म्हणून तिने भिंतीच्या खिळ्यावरचं उमाजींचं स्वतःचं हेल्मेट काढलं आणि उलटं केलं.

तोच नंबर. दुकानाचा. त्यांची बायको कुसुमताई गेल्यापासून त्यांच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. म्हणजे इतक्या वर्षांत उमाजी कुठे रस्त्यावर पडले असते, तर फोन त्यांच्याच खिशात वाजत राहिला असता.

इंजेक्शनचा अंमल उतरताना यावी तशी एक कळ तिच्या छातीत उठली.

"मार्कर द्या काका. तुमच्या हेल्मेटात कुणाचा लिहू?"

उमाजी दाराशी असलेल्या खोक्याकडे बघत राहिले. त्यात हेल्मेटांचा ढीग वाढत चालला होता.

"ओ निगेटिव्ह," शेवटी ते म्हणाले. "तेवढं लिही. बाकी राहू दे."

तिने 'ओ निगेटिव्ह' लिहिलं. मग त्याखाली, काही न विचारता, सावकाश दहा आकडे लिहिले आणि हेल्मेट त्यांच्यापुढे ठेवलं. उमाजींनी चष्मा कपाळावर सरकवून पट्टी डोळ्यांजवळ नेली. ओठ हलवत आकडे वाचले, पुन्हा एकदा वाचले.

"पण तू तर दिवसभर लॅबमध्ये असतेस," ते म्हणाले. "तिथे फोन बंद ठेवतेस ना?"

"आता नाही ठेवणार."