सेल कोणी काढला

तिसऱ्यांदाही चुकलं. काळ्या पडद्यावरचा पासवर्डचा चौकोन गोठला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

समिधाने लग्नाची तारीख घालून पाहिली होती, केतनच्या बाइकचा नंबर, गेलेल्या सासूबाईंचं नाव. कुलूप अगदी उंबऱ्यावरच होतं. बटण दाबलं की आधी पासवर्ड, त्याशिवाय पुढे काहीच नाही. ठाण्याच्या ऑफिसातल्या नोकरीची ऑनलाइन परीक्षा दुपारी होती आणि ती मोबाइलवर चालणार नव्हती. काल जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. "घरात काय कमी आहे तुला?" एवढंच केतन म्हणाला. सकाळी तो कामावर गेला आणि बघते तर हे कुलूप.

तिने भावाला फोन लावला. संदेशचं डोंबिवलीतच कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान.

"रडतेस काय अगं! आधी प्लग काढ. मग स्क्रूड्रायव्हरने कॅबिनेटचं, त्या सीपीयूच्या डब्याचं, झाकण उघड. आत रुपयाएवढा सेल दिसेल. तो काढ, थोडा वेळ थांब, परत बसव. पासवर्ड उडेल, बाकी सगळं जागच्या जागी. पण जिजूंना कळणार हं."

"म्हणजे फक्त सेल काढायचा?" ती मोठ्याने बोलून गेली. आणि जीभ चावली.

समोर कॉटवर सासरे बसले होते. गोमाजीबुवा. फडक्याने टाळ पुसत. उभा जन्म कीर्तनात गेलेला माणूस. गळ्यात तुळशीची माळ पडली त्या दिवसापासून खोटं बोलला नव्हता. मागच्या आठवड्यात ती गुपचूप सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स काढून आली. "बाबा, ही कुठे गेलेली?" रात्री केतनने विचारलं, आणि बुवांनी सांगून टाकलं. तेव्हापासून दाराला कडी नसली तरी तिला घर बंदच वाटे.

"बाबा," ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर हातात घेत ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही जरा देवळात जाऊन येता?"

"रामकृष्णहरी," म्हणत बुवा उठले. टाळ कपाळाला लावून देव्हाऱ्यापाशी ठेवले. पण दाराकडे गेले नाहीत. तिच्यासमोर येऊन हात पुढे केला.

"आण तो स्क्रूड्रायव्हर."

तिने तो पदराआड धरला.

"आण गं. कुठला सेल ते नुसतं बोटाने दाखव. तू हात लावू नकोस."

"का, बाबा?"

गुडघे धरत बुवा कॅबिनेटपाशी खाली बसले.

"रात्री केतन विचारणार, सेल कोणी काढला. आणि मला खोटं बोलता येत नाही, पोरी."