बांधाकडच्या चार ओळी

औषधाचा थेंब न मारता द्राक्षावरचा भुरी रोग आटोक्यात राहतो, हे देवरामअण्णांना काही केल्या पटेना. शेजारचा नाथा तिसऱ्या वर्षीही वाईनरीला बिनऔषधाची द्राक्षं देणार होता म्हणे. मग सकाळी सकाळी पाठीवर पंप अडकवून हा फवारतो तरी काय? शेवटी अण्णांनी बांधावरून विचारलंच.

"ताक हाय अण्णा, आंबट ताक."

"तीस वर्षं बाग करतोय मी. ताकानं कुठं भुरी जाती?"

नाथा नुसता हसला, आणि ते हसणंच अण्णांना खटकलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाईनरीत फोन लावला आणि नाव न सांगता कळवलं, की नाथाचा माल जरा तपासून घ्या.

वाईनरीच्या तेजस्विनी मॅडम आल्या आणि ओळीओळीतले घड तपासायला घेऊन गेल्या. आठ दिवसांनी त्या कागद घेऊन परत आल्या, तेव्हा अण्णा बांधावर आधीच हजर होते.

"सापडलं ना औषध?"

"सापडलं," मॅडम म्हणाल्या.

नाथानं कागद बघायला हात पुढे केला. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"पण फक्त बांधाकडच्या चार ओळींत. बाकीची बाग स्वच्छ आहे." मॅडमनी बांधापलीकडे उभ्या असलेल्या अण्णांच्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. मागे जोडलेला फवारणीचा ब्लोअर अजून ओला होता. "अण्णा, तुम्ही फवारता तेव्हा वारं कुणीकडे असतं?"