वाकडा स्कार्फ

कपड्यांच्या दुकानात काचेमागचे पुतळे सजवून झाले की ती एकाच्या गळ्यातला स्कार्फ मुद्दाम वाकडा ठेवायची. तो साहेबांचा खुराक. खोट काढल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. स्कार्फ दिसला की ते बोट दाखवायचे, ती "अगंबाई, राहिलंच की!" म्हणत तो सरळ करायची आणि बाकीच्या मांडणीला कुणी हात लावायचं नाही.

साहेबांच्या जागी मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्कार्फ बघितला आणि स्वतःच सरळ केला.

"अगंबाई, राहिलंच..."

"असू दे गं," मॅडम हसल्या. "मी पुतळे सजवायचे तेव्हा कोटाचं एक बटण उघडं ठेवायचे. आमचे साहेब ते लावायचे आणि खूश होऊन जायचे. चल, आता बाहेरून बघू."

दोघी फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. तिची नजर पुतळ्याच्या टोपीवरून हळूहळू खाली आली. दोन्ही बूट डाव्या पायाचे होते.

"अगंबाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मनापासून.