कुणीतरी गेलंय

नोवॅकनं पेन्सिल खाली ठेवली आणि संघमित्राकडे निरखून पाहत विचारलं, "आपण याआधी भेटलोय का?"

ती नाही म्हणाली. गेलं वर्षभर दर आठवड्याला ती नाहीच म्हणत आली होती. सुरुवातीला खोटं बोलताना जीव कसनुसा व्हायचा. आता त्याचाही कंटाळा आला होता, पण खरं सांगायला बसायचं म्हणजे त्याहून मोठं गुऱ्हाळ.

शॉमबर्ग या अमेरिकन गावाजवळच्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये नोवॅक बरीच वर्षं पडून होता. मेंदूला सूज येऊन गेली आणि तेव्हापासून नवं काही डोक्यात टिकेना. पाव तास झाला की पाटी कोरी. संघमित्रा नागपूरहून मानसशास्त्रात पीएचडी करायला आलेली. नोवॅक तिच्या अभ्यासाचा माणूस. आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायची, एवढंच काम ती त्याला द्यायची. पहिल्यांदा म्हाताऱ्याचा हात भलतीकडेच धावायचा, आता रेघ सरळ जात होती. हे आपण कधी केलंय याचा त्याला पत्ता नव्हता, हाताला मात्र पक्कं ठाऊक होतं. आठवण म्हणजे एकच कोठार नव्हे, आत बऱ्याच खोल्या असतात आणि एकीला कुलूप लागलं तरी दुसरी उघडी राहते, हे तिला प्रबंधात दाखवायचं होतं. प्रोफेसर खूश होते. ती दमली होती.

मार्चमध्ये तिकडे तिचे वडील गेले. भावाचा, रवीचा, ट्रंक कॉल आला तेव्हा सगळं उरकलंही होतं. तू येऊन आता काय करणार, परीक्षा सोडून आलीस तर बाबांनाच आवडलं नसतं, असं तो म्हणाला. ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या विधीच्या, दिवसापर्यंत आईपाशी माणसं भेटायला येत राहिली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, कसं झालं? आणि आई पहिल्यापासून सांगायची. सांगून सांगून आई जरा मोकळी झाली, असं रवीनं नंतर कळवलं. संघमित्राला इथे कोण विचारणार? इथल्या मराठी मंडळातल्या लतिकाकाकूंचा फोन आला, "सॉरी गं, टेक केअर" म्हणाल्या, आणि शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं पदार्थ करून आणायच्या जेवणाला, यायचं कॅन्सल करते आहेस का, तेही विचारून घेतलं. झालं, आटोपलं.

मग एकदा चांदणी गिरवून झाल्यावर नोवॅकनं विचारलं की मुली, तोंड का उतरलंय? बाबा गेल्याचं तिच्या तोंडून निघून गेलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढला, तिचा हात धरला आणि अगदी आपल्याकडच्यासारखं म्हणाला, कसं झालं? तिनं पहिल्यापासून सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं, त्याच्या पुढच्याही. त्याला ते दर वेळी नवं. तोच धक्का, तेच हळहळणं, आणि कॉफी येईपर्यंत सगळं साफ. भिंतीला सांगितल्यासारखंच ते, फक्त ही भिंत अरेरे म्हणायची. कुणाला त्रास नाही, कुणाला कंटाळा नाही. प्रयोगाच्या शिस्तीत हे बसत नव्हतं, पण खरं सांगायचं तर आठवडाभर ती तेवढ्यावरच तग धरून असायची.

आजही त्यानं विचारलं, तोंड का उतरलंय. ती बोलायला सुरुवात करणार तोच नर्स डोरिसनं दारातून हाक मारून तिला बाहेर बोलावलं.

डोरिस चिडलेली नव्हती, दिवसभराच्या ड्यूटीनं दमली होती. तुम्ही दोघं आत काय बोलता, तिनं विचारलं. तू येऊन गेलीस की हा माणूस जेवत नाही. बहिणीला फोन लावून द्या म्हणतो. ती धडधाकट आहे हे तिच्याच तोंडून ऐकतो, तरी त्याचं समाधान होत नाही.

"विचारलं तर म्हणतो, कुणीतरी गेलंय," डोरिस म्हणाली. "कोण ते आठवत नाही, पण माझंच कुणीतरी."

ज्यावर संघमित्रा प्रबंध लिहीत होती ते तिच्या नाकासमोर घडत होतं आणि बाईसाहेबांना पत्ता नव्हता. चांदणी हातात उतरली, तसे बाबाही त्या म्हाताऱ्यात कुठेतरी उतरले होते; फक्त नाव तेवढं गळून गेलं होतं. तिला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच, या परक्या मुलखात बाबांसाठी कुणीतरी उपाशी झोपलं, या विचारानं तिला भरूनही आलं. मग मात्र, पुरे झालं, असं तिनं स्वतःला बजावलं.

तोंड धुऊन ती आत गेली. डोरिसनं ठेवलेलं सँडविच तसंच पडलं होतं. नोवॅकनं वर पाहिलं. ही कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी तिला पाहताच त्याचा चेहरा पडला.

"तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?" त्यानं भीतभीत विचारलं.

"सगळे ठीक आहेत."

"वडील?"

"मजेत आहेत," ती म्हणाली. "रिटायर झालेत आता. गल्लीतल्या पोरांना इंग्रजी शिकवतात, चुकलं की ओरडतात."

नोवॅकनं केवढा तरी श्वास सोडला. इतका वेळ आपल्याला कसली काळजी लागून राहिली होती कोण जाणे, असं म्हणत तो हसला आणि त्यानं सँडविच पुढे ओढलं. चांगली भूक लागली होती त्याला.

"मग फोन करत जा त्यांना," घास तोंडात असतानाच तो म्हणाला. "वाट बघत असतील."

"करते," संघमित्रा म्हणाली.